जमीन तुमची, नकाशा सरकारचा: आरक्षण, टीडीआर आणि भरपाईचा हिशेब

(या भागाचा लेखी मजकूर. बोलताना झालेली अडखळ काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग जरा घरचा आहे. नेहमी आपण ॲप, फोन, डेटा यांवर बोलतो. आज बोलायचंय जमिनीवर. इअरफोन काढू नका, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात कुठेतरी एक सातबारा आहे आणि त्या सातबाऱ्यावर कधीतरी हा विषय येऊन बसणार आहे.

माझ्या मामांची दहा गुंठे जमीन आहे. आजोबांनी घेतलेली. पूर्वी ते गाव होतं, आता शहराच्या हद्दीत आलंय. शहराचा विकास आराखडा, म्हणजे आपण ज्याला डीपी म्हणतो तो आला, आणि त्या नकाशात मामांच्या जमिनीवर हिरवा रंग पडला. आरक्षण: बगीचा.

आता गंमत बघा. सातबाऱ्यावर नाव मामांचंच. जमीन मामांच्याच ताब्यात. कोणी कुंपण घातलं नाही, कोणी घ्यायलाही आलं नाही. पण घर बांधायला परवानगी नाही. बँक कर्ज देत नाही. विकायला काढली की गिऱ्हाईक येतं, बांधावर उभं राहून चहा पितं, झोन दाखला मागतं आणि परत फोन करत नाही. सतरा वर्षं हे असंच चाललं. बगीचा काही झाला नाही. बाभळी मात्र वाढल्या.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत मामा मला म्हणाले, "आरं, तू कंप्युटरवाला ना? बघ की जरा त्या मोबाइलवर, आपली जमीन आपली हाय का नाय ते."

त्या वाक्याने मी या विषयात पडलो. मी वकील नाही, हे आधीच सांगतो. पण जे समजलं ते तुम्हाला सांगतो.

घेणं वेगळं, बांधून ठेवणं वेगळं

सगळ्यात आधी एक फरक डोक्यात पक्का करा.

सरकार जमिनीचं दोन प्रकारे काहीतरी करू शकतं. एक, ती घेणं. रस्ता, शाळा, बगीचा, दवाखाना यासाठी. दुसरं, ती तुमच्याकडेच ठेवून तुम्ही तिचं काय करू शकता यावर बंधन घालणं. इमारतीची उंची इतकीच, समोर इतकी जागा सोडा, हा शेती विभाग आहे, इथे बांधकाम नाही, वगैरे.

घेतली तर भरपाई द्यावीच लागते. मालमत्तेचा हक्क १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांच्या यादीतून काढला, पण कलम ३०० अ मध्ये तो घटनात्मक हक्क म्हणून राहिला. कायद्याशिवाय कोणी तुमची मालमत्ता काढून घेऊ शकत नाही.

नुसतं बंधन घातलं तर? साधारणपणे काही मिळत नाही. जगात बहुतेक ठिकाणी हेच आहे, आणि त्यामागे कारणही आहे. तुमच्या घरावर उंचीची मर्यादा आहे, तशी शेजाऱ्याच्या घरावरही आहे. त्याच्या बंधनामुळे तुम्हाला ऊन-वारा मिळतो, तुमच्या बंधनामुळे त्याला. तोटा वाटलेला आहे, फायदाही वाटलेला आहे.

प्रश्न येतो तो मधल्या जागेत. मामांची जमीन घेतलेली नाही, पण त्यावर घातलेलं बंधन सगळ्यांवर सारखं नाही. शेजारच्या प्लॉटवर पाच मजली इमारत उभी आहे. तिच्या जाहिरातीत "समोर नियोजित उद्यान" असं लिहिलं होतं! म्हणजे फायदा शेजाऱ्याला, तोटा मामांना. आणि हिशेब कोणीच करत नाही.

कायद्यात रस्ते काय आहेत

महाराष्ट्रात हे सगळं १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक आणि नगररचना कायद्याखाली चालतं. लोक त्याला एमआरटीपी म्हणतात. त्यातलं कलम १२६ आरक्षित जमीन घेण्याचे तीन मार्ग सांगतं.

पहिला, मालकाशी बोलून, ठरवून, पैसे देऊन.

दुसरा, पैशांऐवजी एफएसआय किंवा टीडीआर देऊन. हा मालकाच्या संमतीने.

तिसरा, भूसंपादन कायद्याने. २०१३ च्या कायद्यानुसार शहरी भागात ढोबळमानाने बाजारभाव आणि त्यावर तितकीच दिलासा रक्कम, म्हणजे जवळपास दुप्पट.

रोख दुप्पट म्हटल्यावर ऐकायला छान वाटतं. पण महापालिकांकडे सगळ्या आरक्षणांसाठी इतका पैसा नसतो. एका डीपीत शेकडो आरक्षणं असतात. म्हणून सगळा भर दुसऱ्या मार्गावर येतो: टीडीआर.

टीडीआर म्हणजे नेमकं काय

जमीन म्हणजे एक गोष्ट नाही, दोन आहेत असं समजा. एक खालची माती. दुसरी, तिच्यावर बांधण्याचा हक्क. टीडीआरमध्ये हे दोन वेगळे करतात. माती पालिकेला द्यायची, फुकट आणि कुठलाही बोजा न ठेवता. सातबाऱ्यावर पालिकेचं नाव लागतं. बदल्यात तुम्हाला बांधकामाचा हक्क कागदावर मिळतो, इतके इतके चौरस मीटर. त्या कागदाला डीआरसी म्हणतात. तो कागद तुम्ही बिल्डरला विकता आणि बिल्डर तो दुसऱ्या प्लॉटवर वापरून जादा मजले चढवतो.

मुंबईत हे १९९१ च्या नियमावलीने मोठ्या प्रमाणावर सुरू झालं. नंतर राज्यभर आलं. आता मुंबई आणि काही मोजके भाग सोडले तर बहुतेक महाराष्ट्राला २०२० ची एकत्रित नियमावली लागू आहे. त्यात आरक्षित जमीन दिली तर दाट वस्तीबाहेर क्षेत्रफळाच्या दुप्पट टीडीआर मिळतो, दाट वस्तीत तिप्पट.

मामांचा हिशेब करू. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. दहा गुंठे म्हणजे १,०१२. दुप्पट म्हणजे २,०२४ चौरस मीटरचा टीडीआर.

वा! मीही असंच म्हणालो होतो. पण पुढे एक सूत्र आहे. हा टीडीआर महागड्या भागात नेला तर तो कमी भरतो आणि स्वस्त भागात नेला तर जास्त. रेडी रेकनरचा दर बघतात. समजा मामांच्या जमिनीचा दर २०,००० आहे आणि बिल्डरच्या प्लॉटचा ४०,०००. (हे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत.) मग २०,००० भागिले ४०,०००, म्हणजे अर्धा. २,०२४ चे तिथे १,०१२ होतात. एका चलनातून दुसऱ्या चलनात पैसे बदलावेत तसं.

सूत्र चांगलं आहे. पूर्वी हे नव्हतं, तेव्हा स्वस्त जागेत तयार झालेला टीडीआर सरळ महागड्या जागेत जाऊन बसायचा.

पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, टीडीआर म्हणजे पैसे नाहीत, टीडीआर म्हणजे माल आहे. त्याला बाजारात भाव मिळायला हवा. बांधकाम थंड असेल तर भाव पडतो. दुसरं, बिल्डरला जादा मजले चढवायला टीडीआर हा एकच मार्ग नाही. सरकारला पैसे भरून प्रीमियम एफएसआयही घेता येतो. म्हणजे मामा ज्या बाजारात माल विकायला बसलेत, त्याच बाजारात सरकारचंही दुकान आहे.

मग पैसे भरतं कोण?

इथे मला माझंच घर आठवलं. मी ज्या सोसायटीत भाड्याने राहतो, ती बारा मजली आहे. वरचे काही मजले टीडीआरचे आहेत, हे मला सोसायटीच्या फाईलमधले मंजूर नकाशे बघताना कळलं. मी अकराव्यावर राहतो. उन्हाळ्यात रोज टँकर येतो. सकाळी गेटमधून बाहेर पडायला वीस मिनिटं.

म्हणजे बघा, कुठेतरी कोणाची तरी जमीन रस्त्याला किंवा बगीच्याला गेली, त्याची भरपाई पालिकेने तिजोरीतून दिली नाही. ती माझ्या गल्लीने दिली, पाण्याने, ट्रॅफिकने, ड्रेनेजने. टीडीआर फुकट नसतो. बिल फक्त दुसऱ्या पत्त्यावर जातं.

मुंबईत हे मोठ्या प्रमाणावर झालं. १९९१ च्या नियमात टीडीआर जिथे तयार झाला त्याच्या उत्तरेलाच वापरायचा आणि मुंबई शहरात वापरायचा नाही, असं होतं. मग तो सगळा उपनगरांत जाऊन बसला. मजले वाढले. रस्ते होते तेवढेच राहिले.

दहा गुंठे इथे, दहा गुंठे तिथे

आता पुण्याच्या टेकड्या घ्या. १९९७ मध्ये पालिकेत आलेल्या २३ गावांमधल्या टेकड्यांवर बीडीपी, म्हणजे जैववैविध्य उद्यानाचं आरक्षण पडलं. जवळपास हजार हेक्टर जमीन, त्यात बरीच खासगी. खूप वर्षं वाद चालला, बांधकाम द्यायचं की नाही, भरपाई किती. शेवटी २०१५ मध्ये आरक्षण कायम झालं आणि भरपाई ठरली ८ टक्के टीडीआर.

दहा गुंठ्यांना लावून बघा. मामांच्या सपाट जमिनीला दुप्पट, म्हणजे २,०२४ चौरस मीटर. टेकडीवरच्या दहा गुंठ्यांना ८ टक्के, म्हणजे ८१ चौरस मीटर. साधारण ८७० चौरस फूट. २५ पटींचा फरक!

टेकडीवाल्याच्या जागी मी असतो तर मला राग आला असता. पण थांबा, दुसरी बाजूही खरी आहे. टेकडीच्या उतारावर कोणी सहजासहजी इमारत बांधू देणार नव्हतंच. भरपाई गेलेल्या हक्काची असते, गेलेल्या आशेची नसते. नियम यायच्या आधी तुम्ही कायद्याने तिथे काय करू शकत होता, हा पहिला प्रश्न. आणि टेकडी फोडली तर खालच्या वस्तीत पाणी शिरतं, हेही खरंच.

तरीसुद्धा, भरपाई इतकी कमी ठेवली की एक गोष्ट होते. मालक जमीन द्यायला पुढे येत नाही. पालिकेच्या ताब्यात टेकडी येत नाही. मग एक-एक गुंठ्याचे तुकडे स्टॅम्पपेपरवर विकले जातात आणि रात्रीत पत्र्याच्या खोल्या उभ्या राहतात. नकाशात टेकडी हिरवी, प्रत्यक्षात पत्र्याची. म्हणजे भरपाई कमी दिल्याने सरकारचे पैसे वाचले, टेकडी नाही वाचली.

"सरळ पैसेच द्या ना!" हा प्रयोग झालाय

मी हे सगळं मित्राला सांगितल्यावर तो म्हणाला, सोपं आहे, नियमाने किंमत कमी झाली की तेवढे पैसे द्यायचे, विषय संपला.

हा प्रयोग अमेरिकेत झालाय. ओरेगन राज्यात २००४ मध्ये लोकांनी मतदान करून कायदा केला, मेझर ३७. जमीन घेतल्यानंतर आलेल्या नियमामुळे किंमत उतरली तर सरकारने फरक द्यावा, नाहीतर त्या मालकापुरता तो नियम माफ करावा. हजारो दावे आले, रक्कम अब्जावधी डॉलरमध्ये. सरकारकडे तेवढे पैसे कुठून असणार? म्हणून जवळपास सगळीकडे नियमच माफ झाले. मग शेताशेजारी प्लॉटिंगचे अर्ज यायला लागले. शेजारचे शेतकरी म्हणाले, अरे, आमच्या जमिनीचं काय? तीनच वर्षांत, २००७ मध्ये, त्याच मतदारांनी मेझर ४९ मंजूर करून तो कायदा बराचसा आवळला. थोडी घरं बांधायची मुभा ठेवली, मोठं प्लॉटिंग बंद.

दुसरं टोक न्यूयॉर्कचं. ग्रँड सेंट्रल स्टेशनवर पन्नासहून जास्त मजल्यांचा टॉवर बांधायची परवानगी शहराने नाकारली, कारण इमारत वारसा यादीत होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९७८ मध्ये निकाल शहराच्या बाजूने. स्टेशन चालू आहे, कमाई होते आहे आणि वरचा न वापरलेला हक्क आसपासच्या प्लॉटवर नेता येतो, हेही न्यायालयाने विचारात घेतलं. म्हणजे तिथेही टीडीआरच!

यातून मला एवढं समजलं: प्रत्येक बंधनाला पैसे देत बसलं तर नियोजन संपतं. कशालाच पैसे दिले नाहीत तर सगळ्या शहराचं ओझं चार मालकांच्या डोक्यावर बसतं. रस्ता मधून काढावा लागतो.

असा एक मधला रस्ता आपल्याकडेही आहे, नगररचना योजना. अहमदाबादने हा भरपूर वापरला. सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरायच्या, रस्ते-बागा काढायच्या, आणि प्रत्येकाला थोडा लहान पण रस्त्याला लागलेला प्लॉट परत द्यायचा. ज्याची किंमत वाढली त्याच्याकडून वाढीतला वाटाही घेता येतो. बगीचा एकट्या मामांच्या जमिनीवर पडत नाही, सगळ्यांच्या थोड्या-थोड्या जमिनीतून होतो.

खरा तोटा: लटकून राहणं

पण मामांचं खरं दुखणं दराचं नव्हतंच. दुप्पट की दीडपट यावर ते कधी भांडले नाहीत. त्यांचं म्हणणं होतं, घ्या नाहीतर सोडा.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळतं. सर्व्हरला विनंती पाठवली, उत्तर नाही. होही नाही, नाहीही नाही. नुसतं गोल फिरतंय. म्हणून आपण टाइमआउट लावतो. इतक्या वेळात उत्तर नाही आलं तर सोडून द्यायचं.

एमआरटीपीमध्ये टाइमआउट आहे. कलम १२७. अंतिम आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत जमीन घेतली नाही किंवा घेण्यासाठी पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द झालं असं समजतात आणि शेजारच्या जमिनीवर जे बांधता येतं ते तुम्हालाही बांधता येतं. पाऊल म्हणजे काय यावर पण भांडण झालं. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यात सांगितलं की नुसता भूसंपादनाचा अर्ज पुढे पाठवणं म्हणजे पाऊल नव्हे.

पण या टाइमआउटमध्ये एक खोच आहे. तो आपोआप चालत नाही. बटण मालकाने दाबायचं. मामांना दहाव्या वर्षी कोणी सांगितलं नाही. सतराव्या वर्षी मी सांगितलं.

आणि आता माझी चूक. मी इंटरनेटवरून नमुना उतरवला, नोटीस टाइप केली, मामांची सही घेतली, रजिस्टर पोस्टाने पाठवली. फार हुशारी वाटली. काही महिन्यांनी उत्तर आलं: मालकीची कागदपत्रं जोडलेली नाहीत. कायद्यात ती जोडायला सांगितलेलंच आहे. मी ती ओळ वाचलीच नव्हती. त्यात आजोबांच्या वारसांची नोंद अर्धवट होती, एका मावशीचं नाव लागायचं राहिलं होतं. ती नोंद लावून, मोजणीचा नकाशा घेऊन, वकिलाला दाखवून दुसरी नोटीस पाठवेपर्यंत सात महिने गेले. ते सात महिने माझ्या खात्यावर.

आता दुसऱ्या नोटिशीचे १४ महिने झालेत. दहा राहिलेत. मामा कॅलेंडरवर फुली मारतात.

तुमच्या घरी सातबारा असेल तर

पटकन चार गोष्टी सांगतो.

झोन दाखला आजच काढा. सातबाऱ्यावर आरक्षण दिसेलच असं नाही.

नवीन डीपीचं प्रारूप प्रसिद्ध झालं की हरकती-सूचनांची ठरावीक मुदत असते. त्या मुदतीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. व्हॉट्सॲप ग्रुपवर शिव्या देणं ही हरकत नाही.

वारस नोंदी पूर्ण करा. भरपाई असो, टीडीआर असो, नोटीस असो, तिथेच गाडी अडते.

आणि नोटीस वकिलाला दाखवूनच पाठवा. भाच्याच्या भरवशावर राहू नका!

शेवटी एक सांगतो. मागच्या आठवड्यात मामांना विचारलं, "मामा, समजा उद्या पालिका आली, टीडीआर घ्या आणि जमीन द्या म्हणाली, तर?"

मामा म्हणाले, "देईन की. पोरं खेळतील, चांगलंच हाय. पर सतरा वर्षं बाभळीच उगवल्यात रं. ना पोरं खेळली, ना आपलं घर झालं."

बगीचाला त्यांचा कधी विरोध नव्हताच. भरपाई किती, कोणाच्या खिशातून, यावर आपण भांडतो आणि भांडायलाच पाहिजे. पण उशिरा मिळणारी भरपाई ही अर्धी भरपाई असते. निदान हो की नाही, एवढं उत्तर वेळेत मिळणं हा माणसाचा हक्क आहे.

दहा महिन्यांनी काय झालं ते नक्की सांगेन. तोपर्यंत घरी फोन करा आणि विचारा, आपल्या जमिनीवर नकाशात कुठला रंग आहे?

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!